डाव्या बाजूचा घेवडा

सोया सॉसची बाटली या घरात येणार नाही, हे मी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांसमोर सांगितलं होतं की ती शेवटी आली तेव्हा आमच्या भावकीत बातमी झाली. ‘ताईंनी चायनीज केलं म्हणे,’ असं धाकट्या जाऊबाईंनी फोनवर नणंदेला सांगितलं आणि नणंदेने लगोलग मला. मी चायनीज केलं नव्हतं, घेवडा केला होता. पण मत बदललं होतं हे खरं. ते का बदललं हे सांगायचं तर आधी जुनं मत काय होतं ते मांडायला हवं. ते अगदीच अडाणी नव्हतं, आणि त्यातलं निम्मं मी आजही सोडलेलं नाही.

माझं माहेर वाई तालुक्यातलं, सासर सांगलीचं. नदी दोन्हीकडे कृष्णाच, आणि भाजीची रीतही दोन्हीकडे तीच. तेल तापलं की मोहरी, हिंग, हळद, मग कांदा, मग वर्षाची चटणी. पुण्यामुंबईकडचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिला आमच्याकडे नुसतं चटणी म्हणतात. मग भाजी टाकायची, पाण्याचा हबका मारायचा, वर झाकण, झाकणावर पाणी, आच मंद. उतरवताना शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा खडा. भाजी बोटात धरून दाबली की दबली पाहिजे. दबली नाही तर ती कच्ची, आणि कच्ची भाजी पानात वाढणारी बाई गबाळी, इतका सरळ हिशोब होता. मी तो माझ्या आईकडून घेतला आणि सासरी आल्यावर आत्यांकडून, म्हणजे सासूबाईंकडून, त्यावर शिक्कामोर्तब झालं.

या हिशोबात चायनीज कुठेच बसत नव्हतं. संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेकडून निघालं की गाड्या लागलेल्या असायच्या. भगभगणाऱ्या शेगड्या, पाटीवर एखादा ड्रॅगन, आणि कोबीच्या भज्यांवर ओतलेला तो लालभडक प्रकार. मुलं त्याला मंचुरियन म्हणायची. पुढे कळलं की मंचुरियन हा मांचुरियात कुणी ओळखणार नाही असा पदार्थ आहे. तो 1975 च्या सुमारास मुंबईत जन्मला. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, आणि देशभर ते पसरलं. तेव्हा माझा राग ज्यावर होता तो पदार्थ चिनी कमी आणि मुंबईकर जास्त, ही गंमत मला फार उशिरा समजली.

त्या लाल रंगावरचा राग मात्र मी सोडलेला नाही. मार्च 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकाने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बालमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत असे रंग सापडले होते. सांगलीहून कर्नाटकाची हद्द ती किती लांब! त्या दिवशी मी पेपर घडी घालून यजमानांच्या ताटाशेजारी ठेवला होता, एवढं सांगितलं तरी माझा स्वभाव कळेल. अजिनोमोटोचा माझा बाऊ मात्र आता बराच उतरला आहे. टोकियोच्या किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये समुद्रशेवाळाच्या सूपातून जी चव वेगळी काढली, ती पिकलेल्या टोमॅटोतही असते. तरी मी ती पुडी घरात आणत नाही. गरज पडत नाही, म्हणून.

तर मत कुठे हललं? कराडला, एका लग्नात, आणि तेही मांडवात नाही, कार्यालयाच्या मागच्या अंगाला.

दुपारची पंगत उठली होती. आत्यांच्या गोळीसाठी कोमट पाणी हवं होतं म्हणून मी भटारखान्यात गेले. आचारी मंडळी दमून बसलेली. रात्रीच्या रिसेप्शनला चायनीजचा काउंटर लागणार होता, त्यावरचा नेपाळी मुलगा आपल्या चार माणसांपुरती भाजी करत होता. लाल सॉसचे कॅन शेजारीच होते, त्यांना त्याने हात लावला नाही. धुतलेला घेवडा त्याने एका फडक्यावर पसरून कोरडा केला होता, अगदी शेंग न शेंग पुसलेली. कढई धुरावली, तेल पडलं, तेल हलवून कढईच्या अंगाला लावलं आणि शेंगा आत. मला वाटलं आता हा हलवत बसेल. तो हलवेना. शेंगा तशाच पडू दिल्या, मग एकदा उलथल्या, पुन्हा पडू दिल्या. त्यांच्या सालीला सुरकुत्या यायला लागल्या, मग तपकिरी ठिपके. तेव्हा कुठे त्याने शेंगा एका अंगाला सारल्या, मोकळ्या जागेत ठेचलेला लसूण आणि दोन सुक्या मिरच्या टाकल्या, वास सुटताक्षणी सगळं एक केलं, आणि सोया सॉस शेंगांवर न ओतता कढईच्या काठावरून सोडला. तो चर्र करत खाली उतरला. कढई खाली. माझं पाणी अजून कोमट व्हायचं होतं.

‘मावशी, खाऊन बघा.’ त्याने एका स्टीलच्या झाकणात चार शेंगा दिल्या.

रंग हिरवाच होता. दाताखाली शेंग मोडली, पण कच्चा वास नव्हता. लसूण होता, मीठ होतं, थोडा करपल्याचा वास होता, आणि त्या सगळ्याच्या खाली घेवडा होता. आमच्या भाजीत घेवडा असतो, पण चव चटणीची आणि कुटाची असते. ती चव मला आवडते, अजूनही आवडते. फक्त घेवड्याची स्वतःची चव काय, हे मला जन्मभर घेवडा खाऊन त्या झाकणात पहिल्यांदा कळलं.

मी त्याला विचारलं, ‘हे काउंटरवर का ठेवत नाहीस रे?’

‘हे कोण खाणार मावशी? लोकांना लाल पाहिजे.’

घरी आल्यावर बाटली आली. घेवडा केला, जमलाही बऱ्यापैकी. भाकरी, घेवडा आणि ताक असं पान वाढलं. आत्यांनी एक शेंग उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘हळद न्हाई, फोडणी न्हाई. सुतक हाय का काय घरात?’ सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत आयुष्य काढलेल्या बाईने विचारावा असाच प्रश्न होता. यजमान काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून ते पानाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, ‘भाकरी कशाला लावू?’

दोघांचंही बरोबर होतं. त्या भाजीने भाकरी खाता येत नाही. आमची ज्वारीची भाकरी ओलं काहीतरी मागते, रस्सा नाहीतर कुटाचा दाट लगदा. कोरड्या, करकरीत शेंगेबरोबर ती घशात बसते. मी मनात म्हटलं, बरं झालं, माझं जुनं मत खरं ठरलं. बाटली फडताळाच्या मागच्या रांगेत गेली.

ती पुन्हा पुढे आली ती निव्वळ आळसामुळे. एका संध्याकाळी डाळ-वांगं झालं होतं, भात झाला होता, आणि कोशिंबिरीला घरात काही नव्हतं. मूठभर घेवडा होता. परतला, वर भाजलेले तीळ टाकले, आणि पानात जिथे कोशिंबीर वाढतात तिथे, डाव्या बाजूला, चार-चार शेंगा वाढल्या. कुणी काही विचारलं नाही. आत्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाल्या, ‘ती शेंग हाय का गं अजून?’

मला त्या दिवशी जे उमगलं ते एवढंच. मी त्या पदार्थाला इतकी वर्षं उजव्या बाजूला बसवून नापास करत होते. आपल्या पानाला डावं-उजवं असतं ते उगाच नाही. उजवीकडे पोटाचा कारभार: भाजी, आमटी, रस्सा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. तिथे सगळं थोडं, तिखट-आंबट, जिभेला टोचणारं. कोशिंबिरीला कुणी विचारत नाही की तुझा रस्सा कुठे आहे. लोणच्याने कुणाचं पोट भरत नाही म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. तोंडी लावणं ही आपल्याकडे पूर्ण प्रतिष्ठेची गोष्ट आहे, फक्त त्या जागी शिजवलेली हिरवी भाजी वाढायची सवय आपल्याला नाही.

पूर्वेकडच्या देशांत ती आहे. कोरियात भाताबरोबर लहान लहान वाट्या मांडतात, त्यांना बान्चान म्हणतात; पालक, मोड, मुळा, काकडी, प्रत्येकी दोन-चार घास. जपानमध्ये हाच घेवडा उकळत्या पाण्यातून काढून तिळाच्या कुटात कालवतात. तीळ भाजायचे, कुटायचे, त्यात सोया सॉस आणि साखर. गोमा-आए म्हणतात त्याला. ही कृती वाचली तेव्हा मी हसले. भाजायचं, कुटायचं आणि भाजीला लावायचं, यापलीकडे आम्ही सातारा-सांगलीवाले तरी दुसरं काय करतो? फक्त आमचा कूट शेंगदाण्याचा.

काकडीचंही तसंच. चीनमध्ये काकडी सुरीने कापत नाहीत, सुरीच्या पात्याने ठेचून फोडतात, मग मीठ, लसूण, व्हिनेगर आणि तिळाचं तेल. कारण व्यवहारी आहे: सुरीने कापलेली फोड गुळगुळीत, तिच्यावरून मीठ घसरतं, फुटलेल्या काकडीच्या खडबडीत कडेत ते मुरतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेतात भाकरी सोडली की कांदा बुक्कीनेच फोडायचा, विळीने नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. बुक्कीच्या कांद्याला चव वेगळी लागते ती याच कारणाने. आता मी काकडी वरवंट्याने फोडते, मिठात दहा मिनिटं ठेवून सुटलेलं पाणी टाकून देते, आणि लसूण-लिंबू लावते. मुसळधार पावसात कोशिंबिरीचं दही पुरेना झालं की हीच.

आता एक जुनी गोष्ट, जी मला आधी माहीत असती तर मी ‘हे आपलं नाही’ असं इतक्या ठसक्यात म्हटलं नसतं. माहेरहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. वेण्णा तळ्याकाठी पाल्यासकट गाजराच्या जुड्या विकायला असतात, त्या आणायला आम्ही लहानपणी हट्टाने जायचो. या महाबळेश्वरात 1830 च्या दशकात इंग्रज सरकारने चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग उभारला होता. सिंगापूर-पिनांगकडच्या वसाहतींत शिक्षा झालेले हे लोक. 1885 च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्ये त्यांचा उल्लेख आहे: तिथले बरेचसे रस्ते त्यांनी बांधले, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणायची कला तिथल्यांना दिली, आणि विलायती भाज्या व बटाट्याची लागवड सुधारली. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. त्यांच्या भाजीच्या मळ्यांवरून पडलेलं चायनामन्स फॉल हे नाव तिथल्या एका धबधब्याला आजही आहे, आणि सहलीला गेलेली माणसं त्याच्यासमोर फोटो काढून परत येतात. मीही काढलेला आहे.

म्हणजे माझ्या माहेरच्या जिल्ह्यात भाजीच्या वाफ्याशी चिनी हातांचा संबंध दीडशे वर्षांहून जुना निघाला. बेड्या घालून आणलेल्या माणसांचा तो संबंध, म्हणून त्याचा अभिमान वगैरे बाळगावा असं मला वाटत नाही. पण ‘परकं’ म्हणायला जीभ थोडी अडखळते.

सोयाबीनचं तर त्याहून नवल. पलूस, वाळवा, कराड, कोरेगाव, पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. आमच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेलं ‘फुले संगम’ हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. त्याच्या केडीएस 726 या क्रमांकातली पहिली दोन अक्षरं कसबे डिग्रजचीच. हे सगळं पीक गिरणीत जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. ते दाणे गव्हाबरोबर मिसळून, त्यांवर बुरशी चढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने आंबवून जे होतं त्याची बाटली मात्र आम्ही दुकानातून आणतो आणि तिला परदेशी म्हणतो. एक सूचना: बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. आंबवून केलेला सॉस वेगळा, आणि आम्लात प्रथिनं फोडून, वर कॅरॅमलचा रंग देऊन झटपट केलेला वेगळा. पहिला महाग पडतो, पण लागतो चमचाभर.

करायची रीत म्हणाल तर वर त्या पोराची सांगितलीच आहे, पण घरच्या गॅसवर दोन गोष्टी जड जातात. भटारखान्याची आच आपल्याकडे नसते, म्हणून एका वेळी पाव किलोच्या वर घेवडा घेऊ नये. कढईत गर्दी झाली की शेंगा पाणी सोडतात आणि परतायच्या ऐवजी वाफवल्या जातात. मग ती आपली नेहमीचीच भाजी होते, फक्त बेचव. आणि झाकण नको. झाकणाखाली भाजीतली आम्लं कोंडली जातात, हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम सुटतं आणि शेंग शेवाळी दिसायला लागते. तेल शेंगतेलच घ्या. चीनच्या दक्षिणेकडे तेच वापरतात, आणि ते कडक आचेला टिकतं. तिळाचं तेल वरून घालायचं असेल तर ते भाजलेल्या तिळांचं लागतं. आपल्या घाण्यावरचं कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. मी तेलाच्या भानगडीत पडत नाही, तीळ भाजून चुरडून टाकते. वर गुळाची चिमूट. मीठ जवळजवळ नाहीच, कारण एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सव्वादोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, आणि आमच्या घरात रक्तदाबाची गोळी दोघांना आहे.

करकरीत म्हणजे कच्चं नव्हे, हे मात्र आवर्जून सांगते. घेवड्याच्या जातीत एक विषारी प्रथिन असतं, ते उष्णतेनेच जातं. सुक्या दाण्यात ते भरपूर, म्हणून कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो भिजवून, रटरटा उकळून खायचा. हिरव्या शेंगेत कमी, पण सालीला सुरकुत्या आणि ठिपके येईपर्यंत कढई उतरवायची नाही. आईचा ‘दबली पाहिजे’ हा नियम मी मोडला खरा, पण त्यामागचं शहाणपण फेकून दिलेलं नाही.

सगळ्याच भाज्या या रीतीला बधत नाहीत. कोबी छान होतो, गाजर होतं, दोडक्याचं पाणी पाणी होतं. गवार करून पाहिली. ती कडूच राहते, तिला आपला गूळ आणि कूटच पाहिजे. मेथीला तर मी विचारलंसुद्धा नाही.

परवा भाचा आला होता. हल्ली तो मोबाइलवर बघून बघून स्वयंपाक करतो. म्हणाला, ‘मामी, कृष्णाकाठच्या वांग्याला लावून बघूया का हा सॉस? सिचुआनकडे लसणातलं वांगं फार भारी करतात.’ ते करतात हे खरं आहे. पण वांगं! काळा मसाला, खोबरं, कूट भरून, देठासकट, लग्नापासून बाराव्यापर्यंत ज्याच्यावाचून इथलं पान पुरं होत नाही ते वांगं. मी म्हटलं, ‘घेवड्याचं काय ते कर, वांग्याला हात लावायचा नाही.’

आत्या पलीकडे लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘करू दे की गं पोराला. डावीकडं वाढ.’

मी अजून हो म्हटलेलं नाही.